उजवी टाकी

शुद्धीवर आल्यावर दातांच्या डॉक्टरांना नीट समजलेली पहिली गोष्ट अशी, की विमानाच्या उजव्या टाकीत पेट्रोल होतं. थोडंथोडकं नाही, गळ्यापर्यंत.

"म्हणजे इंजिन पेट्रोलवाचून बंद पडलं नाही," ते म्हणाले. कपाळाला पट्टी होती, बरगड्यांत कळा येत होत्या आणि जीभ अजून जड होती.

पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलेल्या तपास अधिकारी बाईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे काही त्यांना कळेना.

"पेट्रोलवाचूनच बंद पडलं," बाई म्हणाल्या. "डावी टाकी कोरडी ठणठणीत आहे. आणि कॉक डावीकडेच होता."

"शक्य नाही. मी फिरवला होता."

"कधी?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणत आलेल्या माणसाचा स्वतःचाच आ झाला होता.

विमान म्हणजे काही मोठं धूड नव्हे. चार माणसांचं, एका इंजिनाचं, वयाने डॉक्टरांच्या लग्नाहून मोठं. डॉक्टर आणि त्यांचे साडू, या दोघांच्या मालकीचं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा लिफ्टच्या दुरुस्तीचा. डॉक्टर त्यांना 'भाऊ' म्हणत आणि अहो-जाहो करत. भाऊ त्यांना 'अरे डॉक्टर' म्हणत. दोन बहिणींमुळे जुळलेलं नातं विमानाने घट्ट केलं होतं. बायका म्हणायच्या, आमची लग्नं यांच्यासाठीच झाली, आम्ही आपल्या निमित्तमात्र.

विमानाच्या दोन्ही पंखांत एकेक टाकी. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून पितं. कोणत्या टाकीतून प्यायचं ते ठरवायला पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधे, खाली जमिनीलगत, जुन्या स्कूटरला असायचा तसला एक कॉक. त्याला दोनच जागा, डावी किंवा उजवी. त्या दिवशी डाव्या टाकीत मागच्या फेरीचं उरलंसुरलं होतं आणि उजवी त्यांनी सकाळीच भरून घेतली होती. आधी उरलेलं संपवायचं आणि वाटेत नदी लागली की कॉक उजवीकडे फिरवायचा, एवढाच बेत. मधे एकदा हात खाली घालायचा आणि अर्धा वेढा द्यायचा. शेंबडं पोरही करील.

"मला आठवतंय," डॉक्टर अखेर म्हणाले. "गार लोखंड. आणि खट्. तो खट् मला बोटांत आठवतोय."

"त्याच दिवशीचा?"

हा प्रश्न बाईंनी इतक्या हळू विचारला, की डॉक्टरांना राग येण्याऐवजी भीती वाटली. गार लोखंड तर रोजचंच. खट् सुद्धा दर वेळचाच. त्या दिवशीचा खट् कोणता आणि मागच्या महिन्यातला कोणता, हे बोटं कशी सांगणार?

जाताना बाई दारात थांबल्या. "तुमच्या साडूंशी इतक्यात याबद्दल बोलू नका. त्यांनाही मी हेच सांगितलंय. दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या, की त्यातली खरी कोणती ते मला निवडता येत नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्या क्षणी त्यांची एकही आठवण निवडण्याजोगी नव्हतीच. उड्डाण आठवत होतं. ढगांचे पुंजके, भाऊंचं गुणगुणणं, मागच्या खुर्चीवरून भाऊंच्या बायकोने पुढे केलेला चहाचा थर्मास. नदीची एक चकाकी. मग एकदम हॉस्पिटलचं छत. मधला तुकडा कोणी कात्रीने कापून नेल्यासारखा.

त्या तुकड्यात काय झालं ते लोकांनी सांगितलं. नदीच्या पुढे इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि थांबलं. विमान एका बटाट्याच्या शेतात उतरलं, सरींवरून आडवं फरफटलं आणि बांधावर आपटून एका अंगावर कलंडलं. आग लागली नाही, हे नशीब. भाऊंच्या नाकावर एक ओरखडा. डॉक्टरांचं डोकं आणि बरगड्या. आणि ताई, म्हणजे भाऊंची बायको, डॉक्टरांची मेव्हणी, जिला विमानाची हौस कधीच नव्हती आणि जी फक्त लेकीकडे लवकर पोचता येईल म्हणून मागे बसली होती, तिचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ताई होत्या आणि खालच्या मजल्यावर डॉक्टर. डॉक्टरांची बायको दिवसभर जिने चढ-उतार करी.

"तिच्या पायाशी बसू की तुझ्या उशाशी, तेवढं सांग," ती एकदा चिडून म्हणाली. "आणि मला कोणी काही सांगतच नाही. तू म्हणतोस बोलायचं नाही. भाऊजी म्हणतात बोलायचं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई मला विचारते, तुमच्या माणसांनी पेट्रोल न भरताच विमान उडवलं का हो?"

"भरलं होतं!"

"मग पडलात कसे?"

"तेच तर कळत नाही."

"अरे, भरलं होतं तर पडलात कसे, आणि पडलात तर भरलं होतं कसं? माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

भाऊ डॉक्टरांना भेटायला आले नाहीत. बाईंनी बोलायला मनाई केली होती हे खरं, पण बघायला केली नव्हती. दारातून हात तरी हलवायचा. डॉक्टर पडल्यापडल्या विचार करू लागले, आणि रिकाम्या डोक्याला विचार म्हणजे गुळाला मुंगळे.

दोघांमधे एक नियम होता. विमानाला दोन्ही बाजूंना सारखंच सुकाणू, त्यामुळे कोणीही चालवू शके. आणि जो चालवत नसेल, त्याने पेट्रोलकडे बघायचं. साधा, सरळ. उड्डाणापासून नदीपर्यंत भाऊ चालवत होते, म्हणजे पेट्रोल डॉक्टरांकडे. नदीपासून पुढे डॉक्टरांनी चालवायचं, म्हणजे पेट्रोल भाऊंकडे. आणि कॉक फिरवायचा होता तो नेमका नदीवर! मग काम कोणाचं? सकाळी डॉक्टरांना वाटे, भाऊंचं. भाऊ विसरले, आणि आता तोंड दाखवायला लाजतायत. दुपारी वाटे, आपलं. आपणच विसरलो, आणि तो खट् आपल्या मनाने नंतर घडवला. संध्याकाळपर्यंत दोन्ही पटायचं आणि दोन्ही पटायचं नाही.

घरी सोडल्यावर त्यांनी दवाखाना उघडला. वाटलं, कामात मन रमेल. पहिले एक-दोन दिवस निभावले. मग एक बँकेतले गृहस्थ दाढ काढायला आले. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, सिरिंज ठेवली, हातमोजा नीट केला, आणि एकदम त्यांच्या मनात आलं, आपण इंजेक्शन दिलं कुठल्या बाजूला?

त्यांनी ट्रेमधे बघितलं. सिरिंज रिकामी होती. म्हणजे दिलं हे नक्की. पण ट्रे बाजू सांगत नाही.

"कुठे जड वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"इयं," गृहस्थ म्हणाले.

"कुठे?"

गृहस्थांनी बोट दाखवलं. बाजू बरोबर होती. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. मग परत गृहस्थांकडे बघितलं. मग परत एक्स-रे. त्यांची मदतनीस, जिने त्यांना डोळे मिटून दाढा काढताना बघितलं होतं, ती चिमटा हातात धरून उभीच.

"तुमची कुठली दाढ दुखते?"

"डॉट्टर," गृहस्थ खुर्चीत उठून बसले, "टुम्हाला म्हाईट नाई?"

दाढ निघाली, बरोबर तीच निघाली. पण त्यानंतर डॉक्टरांनी दाराला 'बंद'ची पाटी लावून घेतली. घरी ते गॅस बंद केला की तीनदा बघून येत, आणि बघून आलो का हे बायकोला विचारत. ती म्हणे, "आलास." मग तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करत बसत.

एका दुपारी ते ताईंना भेटायला गेले. भाऊ कामावर असतील अशी वेळ बघूनच गेले. ताईंचा पाय फळीला बांधून उंच टांगला होता आणि त्या खाली पडून भिंतीवरच्या टीव्हीला शिव्या घालत होत्या.

"या डॉक्टर. बसा. बघा, मी अजून अर्धी हवेतच आहे."

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. ताईंनी त्यांच्या बरगड्यांची चौकशी केली, बहिणीची केली, दवाखाना बंद का ठेवला म्हणून झापलं.  मग ताईंनीच विषय काढला.

"त्या बाई मला पण विचारून गेल्या. मी काय सांगणार? माझ्या कानांवर ते मोठे गोळे लावलेले. त्यात खरखर. तुम्ही दोघं पुढे बसून काय पुटपुटत होतात देव जाणे. मी चहा दिला, तुम्ही प्यायलात, बिस्किटांचा पुडा काढला. तेवढ्यात ते इंजिन खोकायला लागलं. मग तुमची दोघांची नुसती झटापट. हे ओढ, ते दाब. आणि कोणीतरी ओरडलं, 'हात लावू नका! हात लावू नका!' मला वाटलं मलाच म्हणतायत. मी घाबरून पुडा खाली टाकला."

"कोण ओरडलं?"

"आता काय सांगू? त्या गोळ्यांतून सगळे आवाज एकाच माणसाचे वाटतात. तुम्हाला आठवत नाही?"

"नाही."

"बरंच आहे. मला सगळं आठवतं. डोळे मिटले तरी दिसतं."

डॉक्टर निघाले. जिन्यावर दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच कठडा धरून उभे राहिले.

नका.

भाऊ त्यांना कधीही 'नका' म्हटले नसते. इतक्या वर्षांत नाही. भाऊंचं सगळं 'नको रे', 'ठेव रे', 'अरे गाढवा'. बायकोलाही ते अगं-तुगं करत. विमानात त्या वेळी 'नका' म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो ज्यांना म्हणू शकत होता असे समोर एकटे भाऊच होते. म्हणजे भाऊंचा हात कशाकडे तरी गेला होता, आणि डॉक्टरांनी तो ओरडून थांबवला होता.

कशाकडे गेला होता, हे विचारायला त्यांना आता कोणाची गरज नव्हती. आठवत मात्र अजूनही काही नव्हतं. आपल्याच तोंडचे शब्द दुसऱ्याकडून कळले, आणि तेही व्याकरणावरून! त्यांना वाटलं, आपल्या डोक्यात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी राहतं आणि त्याने जाताना दार ओढून घेतलंय.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी दोघांना एकत्र बोलावलं, फ्लाइंग क्लबच्या हँगरमधे. तिथे तसंच एक विमान उभं होतं, रंग तेवढा वेगळा. भाऊ आधीच येऊन थांबले होते. नाकावरचा ओरखडा भरला होता. वजन उतरलं होतं. डॉक्टरांना बघून ते अर्धवट हसले आणि मग बाईंकडे बघून हसू गिळलं, वर्गात पकडलेल्या मुलासारखं.

"बसा दोघं, त्या दिवशीच्याच जागांवर," बाई म्हणाल्या. त्या स्वतः मागे, ताईंच्या जागी बसल्या. "इंजिन बंदच राहील. मी वाट सांगत जाईन, तुम्ही त्या त्या वेळी जे केलं ते हातांनी करायचं. विचार करायचा नाही आणि बोलायचं नाही. नजर त्या दिवशी जिथे होती तिथेच."

भाऊ डावीकडे, डॉक्टर उजवीकडे. मधे कॉक, आणि कॉकवर त्या दिवशीसारखाच घडी घातलेला नकाशा टाकलेला. डॉक्टरांनी काचेतून समोर बघितलं. समोर हँगरचं पत्र्याचं दार आणि त्याला टेकवलेली एक सायकल.

बाई सांगत गेल्या. धावपट्टी सुटली. उंची मिळाली. गाव मागे पडलं. दोघांचे हात जागच्या जागी हलत होते, शिंप्याच्या दुकानातल्यासारखे, न बघता. डॉक्टरांना नवल वाटलं. डोक्याला जे सापडत नव्हतं ते हातांना पाठ होतं.

"मागून चहा आला," बाई म्हणाल्या. "समोर नदी दिसते आहे. आता सुकाणू यांच्याकडून त्यांच्याकडे."

डॉक्टरांचा डावा हात आपण होऊन खाली गेला. नकाशाच्या घडीखाली शिरला. गार लोखंड, अर्धा वेढा, खट्.  केलं होतं! हे असंच केलं होतं! हात वर आला आणि सुकाणूवर बसला. नजर त्या सायकलवरच होती.

आणि मग त्यांनी ऐकलं. खट्.

त्यांचे दोन्ही हात सुकाणूवर होते.

त्यांनी खाली बघितलं. नकाशाखाली भाऊंचा उजवा हात होता. भाऊ समोर काचेतून बघत होते, चेहरा शांत, काम केलेल्या माणसाचा. मग त्यांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी डॉक्टरांच्या नजरेमागे खाली बघितलं आणि दुसऱ्या हाताने नकाशा हळूच उचलला.

कॉक डावीकडे होता.

हँगरमधे कोणीतरी पत्र्यावर काही ठोकत होतं, ते थांबलं. किंवा डॉक्टरांना तसं वाटलं.

"तू फिरवलास?" भाऊ म्हणाले.

"हो. तुम्ही?"

"मी तर... अरे, सुकाणू तुझ्याकडे दिलं म्हणजे पेट्रोल माझ्याकडे ना? मी फिरवला."

"सुकाणू घ्यायच्या आधी पेट्रोल माझ्याकडे होतं. माझं काम उरकून मग घेतलं."

एकाने कॉक डावीकडून उजवीकडे नेला आणि दुसऱ्याने उजवीकडून डावीकडे आणून ठेवला. दोघांनी नियम पाळला होता. दोघांनी मनापासून पाळला होता.

"मोठ्याने सांगायची पद्धत नव्हती का तुमच्यात?" बाईंनी मागून विचारलं.

होती. सुरुवातीला होती. 'उजवी केली', 'उजवी केली, ऐकलं', असं दोघं घोकत. मग एकमेकांची सवय झाली. सवय झाली की माणसं बोलायची थांबतात, संसारात काय आणि विमानात काय.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. या वेळी नदीवर भाऊंचा हात आधी गेला. आणखी एकदा केलं, तेव्हा दोघांची बोटं नकाशाखाली एकमेकांना लागली आणि दोघांनीही हात चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"त्या दिवशी आधी कोण?" बाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जो आधी, त्याने बरोबर केलं होतं. जो नंतर, त्याने विमान पाडलं होतं. आणि दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

"पुढे जाऊ," बाई म्हणाल्या. "इंजिन खोकलं."

डॉक्टरांचे हात सुकाणूवर गोठले. इथून पुढे त्यांच्याकडे काहीच नव्हतं. भाऊंनी पंप चालू केल्यासारखं केलं, एक दांडा ओढला, मग हात मांडीवर ठेवले.

"एवढंच आठवतं," भाऊ म्हणाले.

"कॉककडे हात नेला नाहीत? इंजिन थांबलं की पहिल्यांदा टाकी बदलायची, हे शिकवलेलं असतं."

"नाही नेला."

"नेला होता," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी नेला होता. मी ओरडलो, हात लावू नका म्हणून."

"काहीतरीच!" भाऊ एकदम वळले. "बाई, याच्या डोक्याला मार बसलाय. तसं काही झालं नाही."

"तुम्हाला आठवतं हे?" बाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"नाही."

"मग?"

"ताईंनी ऐकलं. 'हात लावू नका' असं ऐकलं. 'नको' नाही, 'नका'." डॉक्टरांचा आवाज फाटला. "हे मला नका म्हणत नाहीत. मीच म्हणतो."

 भाऊंनी दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं.

"हात आपोआप गेला हो, बाई," ते म्हणाले. "शिकवलेलं असतं ना, तसा. हा ओरडला, ती रिकामी आहे, हात लावू नका. आणि मला ते एकदम पटलं. मी स्वतः फिरवला होता ना! मला ठाम माहीत, आपण भरलेल्या टाकीवर आहोत. म्हटलं, बरं झालं याने थांबवलं, नाहीतर मी रिकामीवर नेलं असतं. म्हणून मग बाकीचं सगळं केलं. पंप, हवा, ठिणगी. ते एक सोडून सगळं."

बाईंनी बाकी काही विचारलं नाही. त्या उतरल्या आणि विमानाच्या शेपटापर्यंत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, दोघांना थोडा वेळ मिळावा म्हणून असेल, किंवा त्यांनाही तो हवा होता म्हणून असेल.

"आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय सांगू? याने मला अडवलं म्हणून सांगू? तू तिथे शुद्ध हरपून पडलेला. तुला आठवत नाही हे कळल्यावर म्हटलं, बरं झालं, गेलं ते. तुझ्याकडे आलो असतो तर तोंडातून निघालं असतं. माझं तोंड तुला माहीत आहे."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात म्हणून लपताय."

"वाटणारच." भाऊ म्हणाले. "मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, मी कॉक फिरवलाच नाही, नुसतं स्वप्न बघितलं. परवा एका लिफ्टचा ब्रेक बसवला आणि चार वेळा उघडून बघितला. पोरगे हसायला लागले माझे."

डॉक्टरांना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मधे कॉक होता आणि बरगड्याही होत्या. ते नुसते बसून राहिले.

ताईंना सांगायचं हे दोघांनी तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर गेले. डॉक्टरांची बायको तिथेच होती. भाऊंनी सांगायला सुरुवात केली, मधेच अडखळले. डॉक्टरांनी पुढे नेलं, तेही अडखळले. कॉक कसा, नियम कसा, कोणाचा हात कुठे. पाणी पिण्याच्या पेल्यावर चमचा ठेवून दाखवलं. ताई ऐकत होत्या, भुवया आक्रसून.

"थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोघांनीही फिरवला."

"हो."

"आणि दोघांनीही फिरवला नसता, तर?"

"तर... तर डावीवरच राहिला असता. हेच झालं असतं."

"आणि एकाने फिरवला असता आणि एकाने आळस केला असता?"

भाऊंनी पेल्यावरचा चमचा उगाच सरळ केला.

"बोला ना. एकाने आळस केला असता तर?"

"तर पोचलो असतो," भाऊ म्हणाले.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," डॉक्टरांची बायको पुटपुटली. "इथे बिचारा दोन्ही घरी जेवला तरी उपाशीच."

ताई हसल्या. खूप हसल्या, टांगलेला पाय हलून दुखेपर्यंत. भाऊही हसायला लागले, सुटल्यासारखे. आणि मग डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ताई आता हसत नाहीयेत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"माझ्या आयुष्यात तुम्ही दोघांनी एकही काम न सांगता केलं नाहीत," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "एकदा केलंत ते हे. जा आता. तिला बसू दे, तुम्ही जा."

ते गेले. खाली येऊन हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले.  माफ केलं का नाही, रागावली का थट्टा केली, यातलं काहीच दोघांना सांगता येईना. डॉक्टरांनी मनात उत्तरं उलटसुलट करून बघितली आणि सोडून दिलं.

ताई बऱ्याच दिवसांनी घरी आल्या, काठी घेऊन. नवऱ्याशी त्या बोलायला लागल्या होत्या, पण कामापुरतंच. मग हळूहळू बिनकामाचंही. चौकशीचा निकाल आला, त्यात दोघांचीही नावं एकाच वाक्यात होती आणि आधी कोण हे ठरवता येत नाही असं स्वच्छ म्हटलं होतं. दोघांचेही परवाने रोखले गेले. पुन्हा प्रशिक्षण घेतलं तर परत मिळतील, असं होतं. भाऊंनी लगेच सांगून टाकलं, मला नको. डॉक्टर हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग अजून ठरवलं नाही म्हणाले. दवाखाना मात्र त्यांनी उघडला. मदतनीस मुलीला सांगून ठेवलं, मी बाजू मोठ्याने बोलेन, तू ती मोठ्याने परत म्हणायची. रोग्यांना पहिल्यांदा चमत्कारिक वाटे, मग बरं वाटू लागलं.

सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं एकत्र जेवत. तेव्हा तो विषय निघाल्याशिवाय राहत नसे. सुरुवातीला दोघंही आडून आडून सुचवत, की आपला हात आधी गेला असावा. भाऊंना चहाचा कप ठेवल्याचं आठवायचं, डॉक्टरांना नदीची चकाकी. हळूहळू ते उलटलं, कधी उलटलं ते कोणालाच कळलं नाही.

"मला वाटतं, नंतरचा हात माझाच," एका दुपारी डॉक्टर म्हणाले.

"छे रे. तुझा कसा असेल? तुला सुकाणू घ्यायचं होतं, तू आधी उरकलं असशील. नंतरचा माझा."

"नाही भाऊ, मी थर्मासचं झाकण लावत होतो. मला उशीर झाला असणार."

"झाकण मी लावलं!"

"आता दोघंही नंतरचे झालात," डॉक्टरांची बायको ताटं गोळा करत म्हणाली. "मग आधी कोण फिरवून गेलं? ताई?"

ताईंनी काठी टेकून उठताना एवढंच म्हटलं, "मी पुडा धरून बसले होते," आणि त्या पाणी आणायला आत गेल्या. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. दोघं साडू टेबलावरचा चमचा आणि पेला पुढ्यात घेऊन बसले होते. डॉक्टरांनी चमचा उजवीकडे वळवला, विचार केला, आणि हात तसाच वर धरून भाऊंकडे बघितलं.

"आता तुम्ही काय करत होतात?"

"थांब, आठवू दे," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.